जोडीचा दुसरा शब्द

छत्रपती संभाजीनगरात किलेअर्क नावाचा भाग आहे. औरंगजेबाच्या राजवाड्याची ही जागा. फारसीत 'अर्क' म्हणजे बालेकिल्ला. बुखारा आणि तब्रीजचे अर्क प्रसिद्धच आहेत. म्हणजे या नावात किल्ला दोनदा आला. पण अर्क म्हटले की आपल्याला ओव्याचा अर्क आठवतो, तेव्हा आधीचा किल्ला आहे ते बरेच.

अशा द्विरुक्तीवर शिक्षक लाल रेघ मारतात. 'गाईचे गोमूत्र' हे त्यांचे आवडते उदाहरण, आणि तिथे त्यांचे बरोबरच आहे. 'पिवळा पीतांबर' मात्र मला खटकत नाही. पीतांबर आता रेशमी सोवळ्याचे नाव झाले. तो लालही मिळतो, मग रंग सांगावाच लागतो.

खरा ऐवज जोडशब्दांत आहे. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, लाजशरम, रीतिरिवाज. प्रत्येकात एक शब्द फारसी-अरबीकडून आलेला, दुसरा संस्कृत-प्राकृताकडून. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. लोकांनी मात्र कुणालाच उठवले नाही, दोघांना शेजारी बसवले. मराठवाड्यात तर सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचे राज्य. दफ्तर उर्दूत, घर मराठीत. दोन्ही शब्द जवळ असलेले बरे. १०६६नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले तेव्हा इंग्लंडचेही असेच झाले. मृत्युपत्राला तिथे अजून 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात.

एकदा जोडी जमली की दुसरा शब्द फुकट बसून राहत नाही. मुलाला 'कागद आण' म्हटले तर तो कोरा आणील. 'कागदपत्रे आण' म्हटले तर सातबारा, शिधापत्रिका, आधार कार्ड काढील. बाजार ही जागा आहे, बाजारहाट हे घरासाठी करायचे काम. 'कामकाज'मधले दोन्ही शब्द आपलेच, एक 'कर्म'वरून, दुसरा 'कार्य'वरून आलेला. तरी गवंड्याचे ते काम आणि विधानसभेचे कामकाज. माझ्या एका लेखातली 'कागदपत्रे' खोडून संपादकांनी 'दस्तऐवज' केले होते. शब्द वाचला, पण हा तर पुरता फारसी!

म्हणून जागा वाचवायला या जोड्यांना कात्री लावणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: आधी एक शब्द काढून वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. लाज नव्या नवरीलाही वाटते, आणि घरचे ती कौतुकाने सांगतात. 'लाजशरम' भांडणातच ऐकू येते. नवरीविषयी बोलताना ती कुणी तोंडातून काढणार नाही.