खिडकीतील निसर्ग : विरार–डहाणू लोहमार्गाच्या संदर्भात रम्य रेल्वेप्रवासाचा विचार

प्रस्तावना

निसर्गरम्य रेल्वेप्रवासाचा विषय निघाला की मराठी वाचकापुढे प्रामुख्याने चार नावे येतात : बोरघाट, माथेरानची छोटी गाडी, कोकण रेल्वे आणि दूधसागर. विरार पूर्वेकडील फुलपाड्यात, पापडखिंड धरणाच्या परिसरात राहणाऱ्या नोकरदाराला मात्र रेल्वे म्हणजे सकाळची चर्चगेट गाडी. तीत उभे राहण्यापुरती जागा मिळाली तरी पुष्कळ; खिडकीचा विचार तेथे चैनीचाच ठरतो. त्याच विरार स्थानकातून उलट दिशेला निघणारी डहाणूची गाडी सुमारे 64 किलोमीटर अंतरात खाजणे, नद्या, भातखाचरे आणि डोंगररांगा यांतून जाते. या मार्गाची दखल पर्यटनविषयक लेखनात क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे सौंदर्य कोणत्या कारणांनी घडते आणि ते पाहताना कोणत्या गोष्टी नजरेआड होतात, याचे विवेचन केले आहे.

चढाचे गणित

लोखंडी रुळावर लोखंडी चाक अत्यल्प घर्षणाने फिरते. हीच रेल्वेची शक्ती आणि हीच तिची मर्यादा होय. सपाटीवर प्रचंड भार सहज ओढणारे इंजिन थोड्याशा चढावर हतबल होते. त्यामुळे रस्ता जेथे सरळ चढतो तेथे लोहमार्गाला डोंगराच्या कडेकडेने वळसे घ्यावे लागतात, दरीवर पूल बांधावे लागतात किंवा खडक फोडून बोगदा काढावा लागतो. प्रवाशाला लाभणारे दृश्य हे असे अभियंत्याच्या अडचणीतून निर्माण झालेले असते.

बोरघाट हे याचे उत्तम उदाहरण. 1863 साली खुल्या झालेल्या या मार्गाने सुमारे 25 किलोमीटरमध्ये 1,831 फूट उंची गाठली. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांस 1 फूट असा होता. मूळ मार्गावर 25 बोगदे होते. एका ठिकाणी तर गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट्या दिशेने पुढचा चढ चढवावा लागे. ही व्यवस्था 1929 साली नव्या मार्गामुळे संपुष्टात आली. कर्जतपासून मागे जोडली जाणारी जादा इंजिने मात्र आजही त्या चढाची साक्ष देतात. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात येताच मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले, ही माहिती इतिहासप्रेमी कौतुकाने सांगतात. एका टप्प्यावर या घाटात 40 हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांपैकी पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांना बळी पडलेल्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. त्यांची नावे कोणत्याही बोगद्याच्या तोंडावर कोरलेली नाहीत.

याउलट, 1998 साली संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेची आखणी वेगासाठी झाली. येथे चढ 150 फुटांस 1 फूट एवढाच ठेवण्यात आला आणि वळणेही मोठ्या त्रिज्येची घेतली गेली. साहजिकच डोंगराला वळसा घालण्याऐवजी तो आरपार कोरावा लागला. सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गावर 90 हून अधिक बोगदे आहेत, त्यांतील करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळील पानवल पुलाची उंची 64 मीटर आहे. म्हणजे येथे निसर्ग सलग दिसत नाही. अंधार, क्षणभर दरी, पुन्हा अंधार असा तो तुकड्यातुकड्यांनी येतो. छायाचित्रकारांचा या मार्गावर लोभ असला तरी निवांत पाहणाऱ्यास 1907 सालची माथेरानची गाडीच अधिक देऊन जाते, असे म्हणण्यास हरकत नाही. 20 फुटांस 1 फूट असा चढ आणि धिमी चाल यांमुळे तेथे झाडाचे पान न् पान दिसते.

समोरचे आणि दूरचे

जर्मन अभ्यासक वोल्फगांग शिवेलबुश यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या रेल्वेप्रवासाच्या इतिहासात एक मूलगामी मुद्दा मांडला आहे. घोडागाडीतील प्रवासी रस्त्याकडेच्या झाडाशी आणि वाटसरूशी एकाच अवकाशात असे. रेल्वेने त्याला त्या अवकाशातून बाहेर काढले. समोरचा पट्टा नाहीसा झाला आणि उरले ते केवळ दूरचे विस्तीर्ण चित्र.

यामागील भौतिकी सोपी आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या गाडीतून पाच मीटरवरील खांब आणि पाच किलोमीटरवरील डोंगर यांच्या नजरेपुढून सरकण्याच्या गतीत सुमारे हजारपटीचा फरक पडतो. डोळा खांबाचा नाद सोडून डोंगरावर स्थिरावतो. प्रवासी ज्याला ‘रम्य’ म्हणतो ते बहुधा या दूरच्या पट्ट्यातील असते. जवळच्या पट्ट्यात काय असते, हा प्रश्न विरारच्या उत्तरेस फार निकडीचा होतो.

वैतरणेचा पूल

विरार सोडल्यावर उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला खाजण अशी विभागणी होते. घाटात उतारामुळे दृश्य खुलते. येथे ते सपाटीमुळे खुलते. भरतीचे पाणी शिरणाऱ्या जमिनीत रूळ टाकण्यासाठी उंच भराव घालावा लागला आणि त्या थोड्या उंचीवरूनच तिवरांचे पट्टे, चिखलातील बगळे, ओहोटीने उघड्या पडलेल्या चरांची नक्षी असा सारा विस्तार नजरेत मावतो. (हाच भराव पाण्याच्या वाटा अडवतो, हे विसरता येत नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली जाऊन वाहतूक ठप्प झाली, त्याला खाजणांवरील भरणीचीही पार्श्वभूमी आहे.) पुढे वैतरणेचे रुंद पात्र, सफाळ्याच्या बाजूचा तांदुळवाडीचा गड, पालघरजवळील काळदुर्गाचा कातळमाथा, वाणगावपुढे शेते आणि घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्या. भाद्रपदात भात पोटरीला येते तेव्हा हा मार्ग पाहावा. एप्रिलमध्ये तो रखरखीत असतो. तेव्हा केवळ नद्याच डोळ्यांना गारवा देतात.

वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या दरम्यान दोन पूल आहेत आणि त्या दोहोंच्या मध्ये वाढीव हे बेट आहे. पर्यटक ज्या ठिकाणी मोबाइल खिडकीबाहेर धरतो, नेमक्या त्याच ठिकाणी बेटावरील रहिवासी वर्षानुवर्षे रेल्वेपुलावरून पायी स्थानक गाठत आले. विद्यार्थी, भाजी विकायला निघालेल्या बाया, रुग्णाला नेणारे नातेवाईक, सर्वांची वाट तीच. मागून गाडी आली तर बाजूला होण्यास पुरेशी जागा नाही. या पुलावर अनेकांचे प्राण गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वेळोवेळी आल्या आहेत.

नायगाव आणि भाईंदर यांच्यामधील पाणजू बेटाची कथा याहून वेगळी नाही. वसईच्या खाडीवरून जाताना प्रवासी पिशवीत बांधलेले निर्माल्य धावत्या गाडीतून खाडीत फेकतात. फेकणाऱ्याच्या मनात भक्तीच असते. सप्टेंबर 2025 मध्ये असाच फेकलेला नारळ पुलाच्या कडेने चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाच्या डोक्यात बसला आणि त्याचा मृत्यू झाला. फेकणाऱ्याला खाली केवळ पाणी दिसत होते. शिवेलबुश यांनी ज्याला नाहीसा झालेला समोरचा पट्टा म्हटले, त्या पट्ट्यात एक माणूस चालत होता.

दूधसागराबाबत प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. तेथे पाहणारेच रुळावर उतरतात, म्हणून रेल्वेला पावसाळ्यात मनाई आणि दंडाची कारवाई करावी लागते. त्याच घाटातील कॅसल रॉक ते कुळे या पट्ट्याच्या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, कारण तेथील अभयारण्याची हानी भरून न येणारी होती. न्यायालयाच्या दृष्टीने जंगल हे गाडीतून पाहण्याची वस्तू नव्हते, ही बाब लक्षणीय आहे.

बदलते चित्र

विरार–डहाणू मार्गावर एप्रिल 2013 पासून उपनगरी गाड्या धावू लागल्या. तोपर्यंत येथील प्रवाशांची मदार शटलवर होती. या मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम हाती घेण्यात आले आहे. गाड्या वाढतील, गर्दी विभागली जाईल, आणि कदाचित फुलपाड्याच्या नोकरदारालाही एखाद्या रविवारी कुटुंबासह खिडकीशी बसता येईल. दुसरीकडे मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे 20 हजार तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये परवानगी दिली. या मार्गावर विरार हे एक स्थानक असून वैतरणेवरील त्याचा पूल 2.32 किलोमीटर लांबीचा, म्हणजे संपूर्ण मार्गावरील नदीपुलांत सर्वांत मोठा राहणार आहे. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ध्वनिरोधक भिंती असून वस्तीच्या भागांत त्यांचा काही भाग पारदर्शक ठेवण्याची योजना आहे.

ताशी 320 किलोमीटर वेगाने हा पूल ओलांडण्यास सुमारे 26 सेकंद लागतील. आजच्या डहाणू गाडीत वैतरणा स्थानक सोडल्यापासून दुसरा पूल संपेपर्यंत काही मिनिटे मिळतात. डावीकडे पाहिले तर नदी समुद्राकडे रुंदावत जाताना दिसते. खिडकीतून थोडे खाली पाहिले, तर पुलाची कडा आणि वाढीवकडे उतरणारी पायवाट दिसते.