पोळीवरची फिर्याद

गहू सोडल्यापासून डोकं हलकं झालं, असं सांगणारं कुणी ना कुणी हल्ली प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटतं. या फिर्यादीला जोर आला २०१३ साली. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड पर्लमटर यांनी 'ग्रेन ब्रेन' या पुस्तकात गव्हालाच नव्हे, एकूण धान्यांनाच मेंदूचे वैरी ठरवलं. पुस्तक धडाक्यात खपलं. पुरावा मात्र तेवढा तगडा नाही. अमेरिकेतल्या साडेतेरा हजारांच्या आसपास परिचारिकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सीलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा, आजार नसलेल्या या बायकांत गव्हातलं हे ग्लुटेन नावाचं प्रथिन जास्त खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या यांच्या स्मरणशक्तीत फरक आढळला नाही.

मग गहू निर्दोष? सगळ्यांसाठी नाही.

कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेनचा. ज्वारी-बाजरीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. काहींच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटतं आणि त्याच्याशी लढता लढता ते स्वतःच्याच पेशींवर उलटतं. बहुतेकदा मार आतड्यावर बसतो, पण कधी लहान मेंदूवरही. चालताना तोल जातो, जीभ जड होते, हाताला नेम राहत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डचे डॉ. मारिओस हाजीवासिलिऊ यांनी १९९६ मध्ये कारण न सापडलेल्या मज्जाविकारांचे रुग्ण तपासले. निम्म्याहून अधिकांच्या रक्तात ग्लुटेनविरोधी प्रतिपिंडं निघाली. यातल्या कित्येकांची पोटाची तक्रारच नव्हती! लहान मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे इथे उशीर महागात पडतो.

अशा रुग्णाला ग्लुटेनचं पथ्य काटेकोरच लागतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते वाटतं तितकं सोपं नाही. रवा, मैदा, शेवया उघड दिसतात. पण डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे भाकरी खाऊनही आमटीच्या फोडणीतून गहू पोटात जातोच. खपली गहू चालतो, हाही गैरसमज; त्यातही ग्लुटेन असतंच.

शंका असेल तर आधी रक्ततपासणी करा, मग गहू सोडा. आधीच सोडलात तर प्रतिपिंडं कमी होतात आणि तपासणीत आजार निसटतो.