छायाचित्र किती मोठे करता येईल?

घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती निवर्तते आणि भिंतीवर लावण्यासाठी तिच्या छायाचित्राचा शोध सुरू होतो. बहुधा एखाद्या लग्नसमारंभात कोणीतरी मोबाइलवर टिपलेले चित्र हाती लागते. मोबाइलच्या पडद्यावर ते सुरेख दिसते. परंतु दोन फूट उंचीच्या तसबिरीत मात्र डोळे पुसट आणि चेहरा मेणाचा असल्यासारखा दिसू लागतो. ते चित्र पुन्हा काढणे आता शक्य नसते. म्हणूनच छपाईपूर्वी चित्राची परीक्षा कशी करावी, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

बिंदूंची संख्या

डिजिटल छायाचित्र हे असंख्य लहान चौकोनी बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूंना पिक्सेल असे म्हणतात. १९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. त्यात प्रत्येकी १७६ बिंदूंच्या १७६ ओळी, म्हणजे एकूण सुमारे ३१ हजार बिंदू होते. आज मोबाइलने काढलेल्या चित्रातही १ कोटी २० लाख बिंदू असणे ही सामान्य गोष्ट आहे.

एवढे बिंदू पुरेसे आहेत काय? याचे उत्तर कॅमेऱ्यात नसून आपल्या डोळ्यांत आहे. एका अंशाच्या साठाव्या भागाहून कमी कोन करणारे दोन बिंदू सामान्य दृष्टीला वेगळे दिसत नाहीत. २५ सेंटिमीटर अंतरावर हा कोन सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतो. याचाच अर्थ असा की, हातात धरून पाहायच्या चित्रात दर इंचाला सुमारे ३५० बिंदूंपलीकडे काही दिसत नाही. छपाईच्या व्यवसायात ३०० हे प्रमाण रूढ झाले ते याच कारणाने. एक मीटर अंतरावरून मात्र दर इंचाला ९० बिंदूही पुरतात.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात १९५० ते १९९० या काळात कोडॅक कंपनीची १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद पारदर्शक छायाचित्रे लावली जात. ती फिल्मवरील होती, तरी तत्त्व तेच. एवढे मोठे चित्र कोणी वीतभर अंतरावरून पाहत नाही.

हिशेब सोपा आहे. समजा, चित्र ६,००० × ४,००० बिंदूंचे आहे. दर इंचाला ३०० या प्रमाणाने ते २० × १३ इंच छापता येईल. २०० या प्रमाणाने ३० × २० इंच. दुसऱ्या आकाराचे चित्र साधारणतः तीन फुटांवरून पाहिले जाते, तेव्हा ते निश्चितच चांगले दिसेल. अर्थात ते मुळात स्पष्ट असेल तर.

स्पष्टतेची परीक्षा

बिंदू भरपूर असूनही चित्र अस्पष्ट असू शकते. यासाठी ते संगणकाच्या पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहावे. या आकारात चित्राचा एक बिंदू पडद्याच्या एका बिंदूवर येतो. पापण्यांचे केस, साडीच्या काठाची वीण, पाटीवरील अक्षरांच्या कडा तपासाव्यात. चेहरा पुसट पण मागची भिंत रेखीव असेल, तर फोकस चुकला आहे. सर्वच वस्तू एका दिशेने ओघळल्यासारख्या दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. केवळ हात फराटल्यासारखा दिसत असेल, तर तो हात हलला आहे. सपाट रंगाच्या जागी लहान चौकोन दिसत असतील, तर फाइलचा आकार कमी करताना तपशील नाहीसा झाला आहे.

मात्र सामान्य पडद्यावर दर इंचाला शंभराच्या आसपासच बिंदू असतात. त्यामुळे शंभर टक्के आकारात चित्र कागदावरच्यापेक्षा दोन-तीन पटींनी मोठे दिसते आणि किरकोळ दोषही डोळ्यांत भरतात. तेवढ्यावरून चित्र टाकून देऊ नये. खरी कसोटी कागदावरच होते. वरील उदाहरणात चेहऱ्याभोवतीचा १,२०० × ८०० बिंदूंचा तुकडा वेगळा काढून ६ × ४ इंच आकारात छापून घ्यावा. हा मोठ्या चित्राचाच एक भाग होय. तो भिंतीवर लावून नेहमीच्या अंतरावरून पाहावा. अत्यल्प खर्चात निर्णय होतो.

काय करू नये

फाइलमधील २०० हा आकडा पुसून ३०० लिहिल्याने एकही बिंदू वाढत नाही. संगणक नवे बिंदू भरू शकतो, पण ते अनुमानाने भरलेले असतात. न टिपलेली सुरकुती त्यातून परत येत नाही. चित्र कृत्रिमरीत्या जास्त रेखीव केल्यास कडांभोवती पांढुरकी रेघ उमटते.

सर्वांत मोठी हानी मात्र नकळत होते. संदेशाद्वारे पाठवलेले चित्र पुष्कळदा वाटेतच लहान केले जाते. ४,००० × ३,००० बिंदूंचे चित्र १,६०० × १,२०० झाले, तर बिंदू सहाव्या हिश्श्याहून कमी उरतात आणि दर इंचाला ३०० या प्रमाणाने ते जेमतेम ५ × ४ इंच छापता येते. म्हणून चित्र ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइलच मागून घ्यावी, आणि आपल्याजवळ मूळ असल्यास ती पुसून टाकू नये. आज क्षुल्लक वाटणारे चित्र उद्या एखाद्या माणसाची एकमेव आठवण ठरू शकते.