बंबात पाणी किती मिनिटांचं?

'बंब' हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात? आजीच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा, मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. आणि रस्त्यावरून घंटा बडवत जायचा तोही बंबच, आगीचा. एक पाणी तापवणारा, दुसरा पाणी मारणारा, नाव मात्र एकच. आता न्हाणीघरात गीझर आला आणि रस्त्यावरच्या बंबाची 'फायर ब्रिगेडची गाडी' झाली. तरी ती सायरन वाजवत गेली की कट्ट्यावरचे सगळे मान वळवून बघतात. ती कुठे चालली आहे हे विचारतो, पण तिच्या आत काय आहे हे कोणी विचारत नाही.

गोरेगावला नेस्कोच्या हॉलमध्ये नुकतंच अग्निशमन साधनांचं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी गर्दी असते ती महापालिकांचे अधिकारी, कारखान्यांचे सेफ्टी ऑफिसर आणि गळ्यात लॅनयार्ड घातलेले सेल्सवाले यांची. कॉलेजची मुलं जवळपास नव्हतीच. तुम्ही ऑटो एक्स्पोला लोकलच्या दारात लटकत जाता, तर इकडेही एकदा जाच. इथल्या गाड्यांसमोर स्पोर्ट्स कार म्हणजे खेळणं वाटतं.

मी तिथे एका नव्याकोऱ्या लाल बंबासमोर बराच वेळ उभी होते. बाहेरून बघायचं तर चासी आपल्या ओळखीच्या ट्रकची, टाटा किंवा अशोक लेलँडची. तिच्यावर टाकी, पंप, कप्पे, शिडी हे सगळं बांधणारी कंपनी वेगळी. त्याला 'बॉडी बिल्डर' म्हणतात (जिमशी संबंध नाही). बाजूची शटर्स वर सरकवली की आत कप्पेच कप्पे. गुंडाळलेले होज, पितळी कपलिंग, कुऱ्हाड, कटर, दोरखंड, जनरेटर, दिवे. आईच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखी प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. अंधारात, धुरात, न बघता हात घातला तरी तीच वस्तू हाताला लागली पाहिजे.

मागच्या बाजूला पंपाचं पॅनल असतं. तिथे पाटीवर लिहिलं होतं: टाकी ४५०० लिटर, पंप मिनिटाला २२५० लिटर, दाब ७ बार. आता तुम्हीच भागाकार करा. पंप पूर्ण ताकदीने सोडला तर टाकी दोन मिनिटांत रिकामी! एकच होज चालवला, मिनिटाला साधारण ४५० लिटर धरले, तर दहा मिनिटं. दोन होज लावले तर पाच. एवढा मोठा बंब, आणि पाणी जेमतेम चहा उकळेपर्यंतचं.

म्हणूनच या धंद्यातली माणसं बंबाकडे टाकी म्हणून बघतच नाहीत. त्यांच्या लेखी तो पंप आहे. टाकीतलं पाणी पहिल्या हल्ल्यासाठी. तेवढ्या वेळात मागून टँकर यायला हवा, नाहीतर हायड्रंट सापडायला हवा, नाहीतर जवळची विहीर, तळं, सोसायटीची जमिनीखालची टाकी. सक्शन होज पाण्यात टाकायचा आणि पंपाने खेचायचं. इथे बारावीचं फिजिक्स कामाला येतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो आतली हवा काढतो आणि बाहेरचा वायुदाब पाण्याला वर ढकलतो. त्यामुळे दहा मीटरपेक्षा खोलचं पाणी असा कुठलाच पंप खेचू शकत नाही, कितीही महाग असला तरी. प्रत्यक्षात सातेक मीटरपर्यंत नीट जमतं. विहीर त्याहून खोल असेल तर बंब काठावर उभा राहून नुसता बघत बसणार.

आणि हा पंप चालतो कशावर? त्याच ट्रकच्या इंजिनावर. गाडी थांबवायची, गिअरबॉक्सला जोडलेला 'पीटीओ' लावायचा, की चाकं फिरवणारी ताकद पंपाकडे वळते. विमानतळावरचे बंब याला अपवाद. त्यांना धावता धावता पाणी आणि फोम मारता यावा लागतो, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांना तीन मिनिटांच्या आत धावपट्टीवर पोहोचायचं असतं. ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअर कंपनीचा 'पँथर' यूट्यूबवर बघा, वेळ सार्थकी लागेल.

सात बार म्हणजे किती, तर पाण्याचा सत्तर मीटर उंच स्तंभ जेवढा दाब देईल तेवढा. इतक्या दाबाचं पाणी पुढे सुटतं तेव्हा ते होज धरणाऱ्याला मागे ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम वहीत गोड वाटतो, हातात नाही. म्हणून नोझलवर एक जवान आणि त्याच्या पाठीला खांदा लावून दुसरा.

आता शिडी. सगळे सेल्फी तिथेच चालले होते. शिडी पूर्ण उघडून दाखवायला हॉलचं छप्पर पुरणार नव्हतं, त्यामुळे ती मिटूनच ठेवलेली. मुंबई अग्निशमन दलाकडे फिनलंडच्या ब्रोंटो कंपनीची ९० मीटर उंच जाणारी शिडी आहे, म्हणजे साधारण तिसावा मजला. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीला आग लागली, तेव्हा वर अडकलेल्या ८४ जणांना जवानांनी सुखरूप खाली आणलं, ते शिड्यांच्याच जोरावर. टीव्हीवर ती दृश्यं तुम्ही बघितली असतील.

पण मी शिडीपेक्षा तिचे पाय बघत होते. वर जाण्याआधी या गाडीला चार पाय बाजूला पसरून जमिनीत घट्ट रोवावे लागतात, नाहीतर ती कलंडेल. तेवढी रुंद, सपाट आणि भक्कम जागा लागते. आता तुमच्या क्लासची गल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना तिरक्या लावलेल्या बाइक, मध्ये पाणीपुरीवाला, कोपऱ्यावर खोदलेलं गटार, वरून केबलच्या वायरी. त्या बाइकमध्ये तुमचीही एक आहे. ९० मीटरची शिडी या गल्लीच्या तोंडाशीच अडकते, मग ती कितीही कोटींची असो.

२४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर क्लास चालू होता. आग लागली, जिना धुराने भरला, मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी गेले. शिडी तिथपर्यंत पोहोचलीच नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. उंच टॉवरची गोष्ट नाही ही, आपण रोज जातो तसल्या साध्या इमारतीची आहे. जून २०२३ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या क्लासला आग लागली, तिथली मुलं दोर आणि वायरी धरून उतरली. वाचली म्हणून तो व्हिडिओ व्हायरल झाला. दोन्हीकडची मुलं आपल्याच वयाची, काही तर आपल्याहून लहान.

याच गल्ल्यांसाठी प्रदर्शनात छोट्या गाड्या होत्या. पिकअपवर बांधलेली क्विक रिस्पॉन्स गाडी, आणि अग्निशमन बाइक! बुलेटच्या दोन्ही बाजूंना टाक्या, मागे गुंडाळलेला बारीक होज. एवढ्याशा पाण्याने काय होणार? तर ते पाणी धुक्यासारखं बारीक करून मारतात. थेंब जितका लहान तितका तो लवकर वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. उष्णताही शोषली जाते आणि आगीला हवाही कमी पडते. पेटलेली कचराकुंडी, मीटरबॉक्सच्या आसपासची सुरुवातीची आग, गाडीचं बॉनेट एवढ्यासाठी ही बाइक भारी. दोन मजले पेटल्यावर तिला बोलावण्यात अर्थ नाही, आणि तिच्यासोबत फोटो काढून उद्घाटनं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

थर्मल कॅमेऱ्याच्या स्टॉलवर मजा आली. धुरातही माणूस दिसावा म्हणून जवान तो वापरतात. स्क्रीनवर मी केशरी दिसत होते, चष्मा मात्र काळा ठिक्कर. कारण ही उष्णतेची किरणं काचेतून आरपार जात नाहीत. म्हणजे काचेच्या दारामागे बेशुद्ध पडलेला माणूस या कॅमेऱ्याला दिसणार नाही, हे जवानांना खास शिकवावं लागतं.

शेजारी श्वसनसंच पाठीवर चढवून बघता येत होता. ६.८ लिटरचं सिलिंडर, त्यात ३०० बार दाबाने भरलेली हवा, म्हणजे सुमारे २००० लिटर. बरेच जण याला 'ऑक्सिजन' म्हणतात, पण आत असते साधी हवाच. कष्टाचं काम करताना मिनिटाला ४० लिटर लागतात असं धरलं, तर कागदावर पन्नास मिनिटं. होज ओढत जिना चढणारा माणूस त्याहून जोरात श्वास घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की कानाशी शिट्टी वाजायला लागते. ती वाजली की जिथे असाल तिथून फिरायचं. मी मास्क लावून मोजून तीन मिनिटं उभी राहिले, एसी हॉलमध्ये, आणि तेवढ्यातच कपाळावर घाम. संच उतरवून घेणारे काका एका महापालिकेच्या दलातून तांडेल म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या उमेदीत असले संच मोजकेच होते, ओला रुमाल तोंडाला बांधून आत शिरायचो, असं त्यांनी सहज सांगितलं. तेवढं सांगून ते पुढच्या मुलाचे पट्टे आवळायला लागले.

प्रदर्शनात किंमत मात्र कोणी सांगत नाही. 'टेंडरप्रमाणे' एवढंच उत्तर. विजेवर चालणारे बंब पोस्टरवर दिसले. बर्लिनच्या अग्निशमन दलाने तसा बंब रस्त्यावर वापरूनही बघितला आहे. या क्षेत्राचा खरा मेळा जर्मनीतल्या हॅनोव्हरला भरतो, 'इंटरशुट्झ' नावाचा. २०२० चा कोव्हिडमुळे लांबला आणि २०२२ मध्ये झाला. तिकडच्या गाड्यांचे वॉकथ्रू व्हिडिओ तासन् तास बघणारी मंडळी आहेत, आणि आता मीही त्यातली एक.

हे सगळं बघून कोणाला या क्षेत्रात यावंसं वाटलं तर नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथे फायर इंजिनीअरिंगची पदवी घेता येते. या कॉलेजात प्रवेश घेणारी पहिली मुलगी नागपूरचीच, हर्षिनी कान्हेकर. तोवर तिथे फक्त मुलगे होते. राज्याची अग्निशमन अकादमी मुंबईत सांताक्रूझला आहे. आणि नोकरी करायची नसली तरी एक काम आज करता येईल. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून तपासून, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. मी बारावीला ज्या क्लासला होते तिथल्या मागच्या जिन्यात मोडकी बाकं रचलेली असायची आणि दाराला कुलूप. तुमच्या क्लासच्या, हॉस्टेलच्या ऑफिसात जाऊन 'सर, यंदाचा फॉर्म बी बघायला मिळेल का?' एवढं विचारा. चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रदर्शन चुकलं असेल तर एप्रिल आहेच. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजावर होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात आणि ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. तेव्हा जवळच्या केंद्रावर जा आणि यंत्रचालक काकांना पंपाचं पॅनल दाखवायला सांगा. तिथे दोन घड्याळं असतात. एकावर पाणी किती जोराने बाहेर जातंय ते दिसतं. दुसऱ्यावर शून्याच्या दोन्ही बाजूंना आकडे असतात. ते तसे का, हे त्यांनाच विचारा, मन लावून सांगतात.