डबी उलटी करून पाहा

जुनी जपानी लाखेची डबी हाती आली की नजर आधी झाकणावर खिळते: काळाभोर तळ, त्यावर सोन्याचे सारस. पण ती कशाची आणि कशासाठी, हे कळायला डबी उघडावी लागते, उलटी करावी लागते.

‘लाखेची’ हा शब्दच इथे फसवा आहे. आपली लाख कीटकांपासून मिळते. पाकिटावर मोहोर उमटवायला ती वितळवतात. जपानची उरुशी हा झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. अंगावर बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ताज्या उरुशीचा दाह वेगळा सांगायला नको. एका झाडातून हंगामभरात जेमतेम 200 ग्रॅम चीक निघतो.

हा चीक उन्हात वाळत नाही. 70 ते 80 टक्के दमट हवेच्या कपाटात त्यातलं विकर हवेतला प्राणवायू घेऊन त्याला घट्ट करतं. एकदा घट्ट झाला की उष्णतेने वितळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळत नाही. सतराव्या शतकापासून युरोपात झालेल्या नकला बहुधा शेलॅकच्या, म्हणजे आपल्याच लाखेच्या. त्या स्पिरिटने सुटतात. ही परीक्षा मात्र घरी करू नये. तज्ज्ञ कणभर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. लाकूड, काही वस्तूंत त्यावर कापड, मग मातीमिश्रित लेप, मग उरुशीचे पातळ हात. सोनं सहसा कुंचल्याने रंगासारखं लावलेलं नसतं; ओल्या उरुशीवर त्याची पूड शिंपडतात. हेच माकिए.

उपयोग ओळखणं मला जास्त मोहाचं वाटतं. आत शाईच्या दगडाची खाच आणि इवलीशी पाणझारी असेल तर ती सुझुरिबाको, लेखनाची पेटी. लांबट, अरुंद, बाजूंना दोरीच्या कड्या असतील तर पत्रांची. एकावर एक बसणारे चिमुकले कप्पे आणि कडेने दोरी ओवायची जागा म्हणजे इन्‌रो. खिसे नसलेल्या किमोनोच्या पट्ट्याला लटकणारी औषधांची डबी. सोबत किरी लाकडाची साधी पेटी असेल तर ती कधीही टाकू नये. तिच्या झाकणावर शाईने आतल्या वस्तूचं नाव लिहिलेलं असतं, कधी कारागिराचंही.

काही वस्तू जपानी घरासाठी नव्हत्याच. शिंपल्यांची नक्षी, मधोमध येशूसंघाची मुद्रा, दुमडणारं पुस्तकाचं आसन: सोळाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती प्रार्थनेसाठी घडवलेली ही ‘नानबान’ नावाची कारागिरी. तिला मागणी आणणारे पोर्तुगीज गोवा-मकाव-नागासाकी या वाटेने येत. 1639 मध्ये त्यांना जपानबंदी झाली.

आणि ते रुंद तोंडाचं, दोन्ही बाजूंना कानासारखे दांडे असलेलं भांडं? फुलांचं समजू नये. ते मिमिदाराई. विवाहित स्त्रिया लोहाच्या द्रावणाने दात काळे करत, त्या ओहागुरोच्या साहित्यातलं. आपल्याकडच्या सुवासिनीही दातवण लावून दात काळे करत. पणजीच्या डबीतली ती काळी पूड ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या भांड्याचं काम चटकन उमजेल.