काच चकाचक, पण गजांचं काय?

दिवाळी जवळ आली की आपल्याला एकदम घरच्यांची काळजी वाटायला लागते आणि त्या काळजीचं हमखास एखादं गॅजेट होतं. मिक्सर झाला, इंडक्शन झालं, जमिनीवर फिरणारा रोबोही झाला. आता नंबर लागलाय तो खिडकीच्या काचा पुसणाऱ्या, हातात धरायच्या छोट्या व्हॅक्यूमचा. माझं गिऱ्हाईक पक्कं होतं: कोरेगावची आई. (कोरेगाव पार्क नव्हे हो, साताऱ्याजवळचं आमचं कोरेगाव!) वय साठीपुढे, उजवा खांदा धरलेला, आणि तरीही सणाआधी स्टुलावर चढणार म्हणजे चढणारच. स्टुलावरून पडलं तर काय होतं हे त्या वयात सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणून खरेदीआधी जरा खोलात शिरले.

पहिली गोष्ट, जी जाहिरातीत कुणी ठासून सांगत नाही: हे मशीन काच धूत नाही. धुवायचं आपणच. स्प्रे मारा, मायक्रोफायबरने घासा, आणि मग काचेवर राहिलेलं पाणी मशीन ओढून घेणार. पुढे रबराची पट्टी, आत छोटी मोटर, खाली साधारण 100 मिलिलिटरची टाकी. थोडक्यात, वायपरला नाक फुटलंय. तो वायपरही जुना आहे बरं का. आज आपण बघतो तसल्या एका रबरी पात्याच्या वायपरचं पेटंट एटोरे स्टेकोन या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या खिडक्या पुसणाऱ्याने 1936 मध्ये घेतलं. उंच इमारतींच्या काचा पुसणारे व्यावसायिक अजूनही तोच वापरतात, कारण तिथे पाणी खाली ओघळलं तरी चालतं. आपल्याकडे ते सोफ्यावर ओघळतं.

मग फायदा काय? फायदा समजायचा तर बोअरचं पाणी समजायला हवं. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळतो, क्षार काचेवरच राहतात आणि तो पांढरा ठिपका फडक्याला दाद देत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सूट. म्हणजे नियमात बसणारं पाणीसुद्धा काचेवर नक्षी काढू शकतं! थेंब वाळायच्या आत उचलला की ठिपकाच नाही. इथे मशीनला माझे पैकीच्या पैकी मार्क. शिवाय बादली ओतावी लागत नाही. ज्या तालुक्यातल्या वेळू गावाने श्रमदान करून 2016 चा पहिला वॉटर कप जिंकला, तिथे ही गोष्ट किरकोळ नाही.

जुने ठिपके मात्र मशीनने जाणार नाहीत. त्यांना व्हिनेगर किंवा लिंबू. पण खिडकीखाली कडप्पा असेल तर जपून, तो चुनखडीचाच दगड, आंबटाने त्याची चकाकी जाते.

आता खरी अडचण. ही मशीन्स ज्या युरोपातून आली तिथल्या खिडक्या दारासारख्या आत उघडतात. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या झडपा, आत मच्छरजाळी, बाहेर लोखंडी गज. मशीनचं तोंड 25 ते 28 सेंटिमीटर रुंद. मी टेप घेऊन आमच्या गजांमधली जागा मोजली, बारा भरली. फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग हात काय तुजा बाप घालणार हाय का त्यातनं?" काही कंपन्या 17 सेंटिमीटरचं अरुंद तोंड देतात, तेही आमच्या गजांतून जात नाही. उपाय एकच: झडप किंचित वर उचलून ट्रॅकमधून काढायची आणि गच्चीवर भिंतीला टेकवून धुवायची. हे काम दोन माणसांचं, आणि त्यातलं एक माणूस आई नसावं.

म्हणून माझा कौल सरसकट "घ्या" असा नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला काचेचं पार्टिशन आहे? डोळे झाकून घ्या, रोज आंघोळीनंतर मिनिटाचं काम. मोठी फ्रेंच विंडो, आरसे, डायनिंगची काच? घ्या. पण सगळ्या खिडक्यांना गज असतील तर दोनशे रुपयांचा वायपर, जुनी बनियन आणि दोन धडधाकट माणसं पुरेत. उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्याने जातात तिथली धूळ आधी कोरड्या ब्रशनेच झाडायची, नाहीतर मशीन चिखल पसरवणार. आणि कडक उन्हात तर काम काढूच नका, मशीन पोचेपर्यंत पाणी वाळलेलं असतं.

आईच्या घरी बाथरूमला काच नाही, आरसा एक. तिच्यासाठी मशीन घेतलं नाही. वरच्या झडपा दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी आणि भाऊ उतरवतो, खालच्या ती पुसते, उभ्याने, जमिनीवरून. ती या वाटणीवर खूश आहे असं मुळीच नाही.

मी पुण्यातल्या बाथरूमसाठी मात्र घेतलं. तुम्ही घेणार असाल तर मिनिटांच्या आकड्यांना भुलू नका. छोटं मशीन एका चार्जवर पंचवीस-तीस मिनिटं चालतं, दोन बेडरूमला तेवढं पुरतं. बॅटरी काढता येते का ते बघा, कारण आत पक्की बसवलेली बॅटरी गेली की मशीन कंपनीकडे न्यावं लागतं. वजन हातात घेऊन बघा, तेही हात डोक्यावर उचलून, दोन मिनिटं तरी. दिवाळी ते दिवाळी कपाटात टाकणार असाल तर मध्ये दोन-तीनदा चार्ज करा, लिथियमची बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते. आणि दुकानदाराला विचारा, रबराची पट्टी सुटी मिळते का? ती झिजली की काचेवर रेघा उठतात, आणि ती मिळत नसेल तर दुसरं मॉडेल दाखवा म्हणा.