ठावठिकाणा सर्वांचाच विचारा!

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्ली राज्याची अॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. शेवटच्या दिवशी ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी मैदानावर आले आहेत अशी बातमी पसरली आणि खेळाडू पांगू लागले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू हजर राहिला. तो एकटाच धावला आणि एकटाच पहिला आला.

त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांत दोषी कोण आणि निर्दोष कोण? हे कुणीही सांगू शकत नाही. ज्याने नमुनाच दिला नाही त्याच्याविरुद्ध पुरावा कुठून येणार? पण मैदानात बसलेल्या माणसाच्या मनात संशयाचे बी पडले ते पडलेच. आणि तो संशय पळून गेलेल्यांपुरता राहत नाही. पहाटे उठून, अर्धपोटी राहून, फाटक्या बुटांनी सराव करणाऱ्या प्रामाणिक पोरांवरही तो येतो. त्याची किंमत प्रामाणिक खेळाडूच मोजतो. म्हणून चुकलेल्या चाचणीचा प्रश्न हा केवळ बड्या खेळाडूंच्या भानगडीचा प्रश्न नाही, असे आम्ही मानतो.

चाचणी स्पर्धेच्या दिवशी झाली की पुरे नाही का, असे अनेकजण विचारतात. पुरे नाही. उत्तेजक द्रव्ये बहुधा स्पर्धेच्या दिवशी घेतली जातच नाहीत. ती घेतली जातात सरावाच्या महिन्यांत. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या ‘ईपीओ’चेच पाहा. त्याच्या खुणा लघवीतून काही दिवसांत नाहीशा होतात, फायदा मात्र कित्येक आठवडे टिकतो. स्पर्धेच्या दिवशी हा खेळाडू धुतल्या तांदळासारखा स्वच्छ! तेव्हा चोर पकडायचा तर न सांगता, सरावाच्या काळात, त्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. आणि दारात जायचे तर दार कुठे आहे ते आधी माहीत हवे.

यातूनच ठावठिकाण्याचा नियम आला. १९९९ साली स्थापन झालेल्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेने २००९ पासून तो जगभर एकसारखा केला. चाचणीच्या यादीत असलेल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूने आपण रोज कुठे राहणार, कुठे सराव करणार हे दर तिमाहीला आधीच कळवायचे. शिवाय रोजचा एक तास असा द्यायचा की त्या तासात तो सांगितलेल्या जागी सापडलाच पाहिजे. बारा महिन्यांत तीनदा माहिती चुकली किंवा माणूस सापडला नाही, तर तो उत्तेजकविरोधी नियमाचा भंग. शिक्षा दोन वर्षांची बंदी. दोष कमी असेल तर एक वर्षापर्यंत खाली येते. २०१५ पूर्वी ही मुदत अठरा महिन्यांची होती.

नियम कडक आहे, यात वाद नाही. तीन चाचण्या चुकणे म्हणजे उत्तेजक घेतल्याचा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे. ब्रिटनच्या क्रिस्टिन ओहुरुगूचे उदाहरण घ्या. पूर्व लंडनच्या वस्तीत वाढलेली, नायजेरियातून आलेल्या आईबापांची ही मुलगी. २००५ आणि २००६ मध्ये मिळून तिच्या तीन चाचण्या चुकल्या. तिने काही घेतले होते असे कुणीही सिद्ध केले नाही. निकाल देणाऱ्यांनाही ती विसराळू वाटली, लबाड वाटली नाही. तरीही तिला एक वर्षाची बंदी झाली. तिने ती भोगली, परत आली, २००७ मध्ये ओसाकाला विश्वविजेती झाली आणि २००८ मध्ये बीजिंगला ४०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. पण तिच्या नावामागे ‘तीन चाचण्या चुकवलेली’ हे शेपूट वर्षानुवर्षे राहिले. नियमाची झळ निर्दोष माणसालाही लागू शकते, ती अशी.

दुसऱ्या टोकाला २००४ चे अथेन्स. सिडनीत २०० मीटरचे सुवर्ण जिंकलेला कोस्तास केंतेरिस हा ग्रीसचा लाडका वीर. ऑलिंपिकची ज्योत तोच पेटवणार अशी चर्चा होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणी घेणारे क्रीडाग्रामात गेले, तर तो आणि त्याची सहकारी कातेरिना थानू दोघेही जागेवर नाहीत. मागाहून कळले की मोटारसायकलचा अपघात होऊन दोघे रुग्णालयात आहेत! अखेर दोघांनी स्पर्धेतून माघार घेतली आणि २००६ मध्ये चाचण्या चुकवल्याचा ठपका मान्य केला. अपघात बनावट असल्याच्या खटल्यातून अपिलात ते पुढे सुटले. पण आपल्याच घरच्या ऑलिंपिकमध्ये ग्रीक जनतेचा जो विश्वास तुटला तो कोणत्या न्यायालयाने परत आणून दिला?

अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन या दोघांच्या मधला. २०१९ मध्ये त्याच्या तीन चुका भरल्या होत्या. पण त्यातली एक चूक तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून मोजायची, असा नियमाचा अर्थ निघाला आणि बारा महिन्यांचे गणित चुकले. आरोप मागे घेतला गेला. त्याच महिन्यात दोहाला तो शंभर मीटरचा विश्वविजेता झाला. इतके झाल्यावर माणसाने किती सावध राहावे? पण ९ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी अधिकारी त्याच्या दारात ठरलेला पूर्ण तास थांबले आणि हा बाजारहाटाला गेलेला! मला फोन का केला नाही, असे त्याचे म्हणणे. फोन करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नव्हते. दोन वर्षांची बंदी झाली. क्रीडा लवादाने ती दीड वर्षावर आणली. टोकियो ऑलिंपिक मात्र हुकले.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. खेळाडू केवढा मोठा आहे हे पाहून नियम थांबला नाही. पळवाट सापडली तीसुद्धा नियमाच्या पुस्तकातच सापडली, आणि ती सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. विश्वास टिकतो तो असा. आमचा हिरो असे करणारच नाही, ही भक्ती झाली. विश्वास ही वेगळी चीज आहे. ती माणसावर नव्हे, रीतीवर ठेवायची असते.

आता आपल्या घरात डोकावू. २००९ साली हाच नियम क्रिकेटला लागू होऊ लागला, तेव्हा भारतीय क्रिकेटपटूंनी सही करायला नकार दिला. जगातले सर्वात श्रीमंत क्रिकेट मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सुरक्षेचे कारण पुढे केले, खासगीपणाच्या हक्कासाठी राज्यघटनेचाही आधार घेतला. घटनेची एवढी आठवण मंडळाला एरवी किती येते, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोडतो. खासगीपणाचा मुद्दा खोटा नव्हता. फ्रान्समधल्या खेळाडूंच्या संघटना तोच मुद्दा घेऊन युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की खासगी आयुष्यावर बंधन येते हे खरे, पण खेळाच्या आणि लोकांच्या हितासाठी ते रास्त आहे. ते गेले न्यायालयात. आमच्या मंडळाने सरळ ‘नाही’ म्हटले आणि दहा वर्षे ते चालवून घेतले गेले.

त्या दहा वर्षांत आपल्याकडचे कुस्तीगीर, वेटलिफ्टर, धावपटू ‘नाडा’ला उत्तर देत होते. वेस्ट इंडीजचा आंद्रे रसेल, जो आयपीएलमध्ये कोलकात्याकडून खेळत होता, त्याला ठावठिकाणा न कळवल्याबद्दल जानेवारी २०१७ मध्ये जमैकात वर्षभराची बंदी झाली. भारतीय क्रिकेटपटूंची चाचणी घेणारे मंडळच, आरोप ठेवणारे मंडळच आणि निवाडा करणारेही मंडळच! जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉला आठ महिन्यांची बंदी घातली तीही मंडळानेच. त्यानंतर सरकारच्या दडपणाखाली ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळ ‘नाडा’च्या कक्षेत आले. पुढच्याच वर्षी पाच नामवंत क्रिकेटपटूंना ठावठिकाणा न कळवल्याची नोटीस गेली. मंडळाने सांगितले, पासवर्डची अडचण झाली.

पासवर्डची अडचण! हे कारण खरेही असेल. पण मग सोलापूर-नंदुरबारच्या खेड्यातून आलेल्या पोरीला हे कारण देता येईल का? तिच्याकडे ना मंडळ, ना मॅनेजर, ना वकील. अर्ज इंग्रजीत, फोनला रेंज नाही, आज वसतिगृहात तर उद्या शिबिरात. ‘वाडा’ने जुलै २०२४ मध्ये भारताविषयीचा जो तपास जाहीर केला, त्यात ७० खेळाडूंच्या मिळून ठावठिकाण्याच्या ९७ चुका आढळल्या. यातले किती लपणारे आणि किती अडाणीपणाने अडकलेले? हा फरक करणे ‘नाडा’चे काम आहे. ‘वाडा’ने बोट ठेवले ते नेमके तिथेच: ठावठिकाणा नीट गोळा केला जात नाही आणि त्यावर लक्षही ठेवले जात नाही.

म्हणून काहीजण म्हणतात की गरीब खेळाडूंसाठी नियम सैल करा. आम्हाला हे मान्य नाही. सवलतीचे दार एकदा उघडले की त्यातून आधी कोण आत शिरतो, हे या देशात सांगायला नको. गरीब खेळाडूला सूट नको, साधन द्या. यादीत नाव आले की त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस द्या. माहिती भरायला मदत करा आणि पहिली चूक होताच त्याला बोलावून सावध करा. दुसरीकडे, चाचणी घेणाऱ्यांचाही हिशेब मागा. बहारीनची विश्वविजेती धावपटू सल्वा ईद नासेर हिच्या प्रकरणात अधिकाऱ्याने चुकीचेच दार ठोठावल्याचे निघाले होते. तेव्हा दार कोणते ठोठावले, किती वेळ थांबले, याची नोंद दोन्ही बाजूंनी तपासता आली पाहिजे. आणि कुणावर काय कारवाई झाली हे ‘नाडा’ने वेळच्या वेळी लोकांपुढे मांडले पाहिजे. कोट्यधीश क्रिकेटपटूचेही आणि रोजंदारीवर जाणाऱ्याच्या मुलाचेही, एकाच यादीत.

मित्रहो, आपल्या वस्त्यांतली पोरे आता मैदानात उतरत आहेत. त्यांच्याजवळ भांडवल एकच, मेहनतीने मिळवलेली सेकंदं आणि सेंटिमीटर. ती खरी मानली गेली तरच त्यांना नोकरी आहे, मान आहे, पुढची वाट आहे. त्यांना पहिला धडा हाच द्या, की दारावर थाप पडली तर उघडायचे. आणि आपल्या लाडक्या खेळाडूच्या दारावर थाप पडेल तेव्हा ‘त्याला कशाला त्रास देता’ असे आपण म्हणायचे नाही.